वादळाचा डोळा : भूगोलाचा एक पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. विषय : भूगोल व सामान्य विज्ञान. तासिका : दोन)

पाठाची भूमिका

जवळा बाजार येथून अरबी समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. या गावातील बहुसंख्य मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. भरती-ओहोटी, बंदर, नांगर हे शब्द त्यांस पुस्तकातून भेटतात. अशा वर्गापुढे ‘चक्रीवादळ’ हा पाठ आला की तो पाठांतराचा विषय होऊन बसतो. मुले व्याख्या घोकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. दूरदेशी कोठेतरी घडणारी ही गोष्ट आहे, तिचा आपल्या शिवाराशी व आपल्या शाळेशी काही संबंध नाही, अशी त्यांची समजूत कायम राहते. ही समजूत चुकीची आहे आणि प्रसंगी घातकही ठरते. ती दूर करणे हा या पाठाचा मुख्य हेतू होय.

त्यासाठी येथे मॉरिशस बेटाचे उदाहरण घेतले आहे. या बेटावर वादळे वारंवार येतात. तेथे मराठी बोलणारी माणसेही राहतात. शिवाय अक्षांशाच्या दृष्टीने ते आपल्या गावाचे जणू प्रतिबिंबच आहे. ओळखीच्या धाग्याने अनोळखी प्रदेशाकडे जावे, या अध्यापनाच्या जुन्या सूत्रास हे धरूनच आहे.

पूर्वज्ञानाची चाचणी

मुलांच्या अनुभवापासून आरंभ करावा. चैत्र-वैशाखात मोकळ्या रानात वावटळ उठते, धूळ आणि पाचोळा गरगरत वर जातो, हे प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. वळवाच्या पावसापूर्वी सुटणारा सोसाट्याचा वारा, उडालेले पत्रे, मोडलेल्या फांद्या हेही त्यांस ठाऊक असते. या अनुभवांवर शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. वावटळ किती वेळ टिकते? ती किती जागा व्यापते? तिच्यासोबत पाऊस असतो काय?

वावटळ काही क्षण टिकते, शेताचा एखादा कोपरा व्यापते आणि कोरडी असते, अशी उत्तरे येतील. मग शिक्षकाने सांगावे की, अनेक दिवस टिकणारी, शेकडो किलोमीटरांचा प्रदेश व्यापणारी आणि पाण्याने भरलेली एक फिरती वाऱ्याची रचना असते. तिला चक्रीवादळ म्हणतात. दोहोंत फिरण्याचे साम्य असले तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. वावटळ तापलेल्या जमिनीवर जन्मते, तर चक्रीवादळ उबदार समुद्रावर जन्मते. हा भेद फळ्यावर दोन रकान्यांत मांडावा.

दोन गावे, एक अक्षांश

आता पृथ्वीगोल वर्गात आणावा. जवळा बाजार विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर आहे. बोट विषुववृत्त ओलांडून जवळजवळ तेवढेच दक्षिणेस न्यावे व थोडे पश्चिमेस सरकवावे. हिंदी महासागरात, मादागास्कर बेटाच्या पूर्वेस सुमारे आठशे किलोमीटरांवर एक ठिपका दिसेल. दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर असलेला हा ठिपका म्हणजेच मॉरिशस. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यावर सुमारे साडेबारा लाख लोक राहतात. बेटाच्या शेतजमिनीवर मुख्य पीक उसाचे. वसमतकडे जाताना मुलांनी जो ऊस पाहिलेला असतो, तोच तेथे डोंगरउतारापासून समुद्रापर्यंत दिसतो.

या उसाच्या कामासाठीच १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली, मुख्यत्वे कोकणपट्टीतील, मराठी कुटुंबेही होती. पोर्ट लुई बंदरात मजूर ज्या पायऱ्या चढून उतरत, ते स्थळ ‘आप्रवासी घाट’ या नावाने जतन केले असून २००६ मध्ये त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले. तेथील शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो आणि गणेश चतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. एवढे सांगितल्यावर वर्गाची वृत्ती पालटते. ते बेट आता ‘कोठेतरी दूर’ राहत नाही. तेथील एखादे मूलही या क्षणी देवनागरीची बाराखडी गिरवीत असेल, हा विचार मुलांच्या मनात घर करतो.

चक्रीवादळ कसे जन्मते

समुद्राच्या वरच्या थरातील पाण्याचे तापमान २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की बाष्पीभवन वाढते. उबदार, दमट हवा वर चढते व थंड होते. तिच्यातील बाफेचे पाणी होते आणि ढग तयार होतात. पाण्याची बाफ होताना जी उष्णता खर्च झाली होती, ती बाफेचे पाणी होताना परत मोकळी होते. या उष्णतेने आसपासची हवा आणखी तापून वर जाते, खाली हवेचा दाब आणखी घटतो आणि चोहोकडून हवा त्या कमी दाबाच्या जागेकडे धाव घेते. अशा रीतीने समुद्र इंधन पुरवीत राहतो आणि यंत्र चालत राहते.

मग ही हवा सरळ मध्याकडे न जाता फिरते का? त्याचे कारण पृथ्वीचे परिवलन. त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहते वारे उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतात. परिणामी आपल्या बाजूची चक्रीवादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि मॉरिशसची काट्यांच्या दिशेने. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमारे पाच अंशांच्या आत, हे वळण इतके क्षीण असते की तेथे चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत.

ऋतूही उलट असतात. मॉरिशसचा वादळांचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडील समुद्रांत वादळे मुख्यत्वे पावसाळ्यापूर्वी एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उद्भवतात. अटलांटिक महासागरात यांसच हरिकेन, पॅसिफिकच्या पश्चिम भागात टायफून आणि हिंदी महासागरात सायक्लोन म्हणतात. नावे तीन असली तरी वस्तू एकच. ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केला. सापाच्या वेटोळ्यावरून त्यास तो सुचला.

परातीतील प्रयोग

एक मोठी परात पाण्याने भरावी व तीवर लाकडाचा भुसा विखरावा. पळीने पाणी कडेकडेने फिरवून पळी काढून घ्यावी. कडेजवळचे कण वेगाने धावतात आणि मध्यावरचे जवळजवळ जागच्या जागी राहतात, हे मुलांनी स्वतः पाहावे. फिरत्या वादळाच्या मध्यभागीही असाच एक शांत प्रदेश असतो. त्यास वादळाचा डोळा म्हणतात. त्याचा व्यास बहुधा ३० ते ६० किलोमीटर असतो. तेथे वारा पडतो, पाऊस थांबतो, कधी कधी आकाशही दिसते. मात्र परातीचा दाखला पूर्णपणे लागू पडत नाही. खऱ्या वादळात सर्वांत जोराचा वारा बाहेरच्या कडेला नसून डोळ्याला लागूनच असलेल्या ढगांच्या भिंतीत असतो. ही गोष्ट शिक्षकाने आवर्जून सांगावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभे आहे.

दिशाभेदासाठी पातळ कागदावर काट्यांच्या उलट दिशेचा गोल बाण शाईने काढावा आणि कागद उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहावयास सांगावा. बाण काट्यांच्या दिशेने फिरताना दिसेल. दोन गोलार्धांतील वादळांचे नाते मुलांच्या लक्षात येण्यास एवढा कागद पुरेसा आहे.

डोळ्याने केलेली फसवणूक

२९ एप्रिल १८९२. मॉरिशसमध्ये वादळांचा हंगाम सरला असे लोक धरून चालले होते. त्या दिवशी बेटावर चक्रीवादळ आले. दुपारी वारा काही काळ पडला. संकट टळले असे अनेकांस वाटले. नंतर वारा विरुद्ध दिशेने उलटला आणि पोर्ट लुई शहराचा मोठा भाग या दुसऱ्या वाऱ्याने उद्ध्वस्त केला. त्या वादळात सुमारे बाराशे माणसे मरण पावली.

मॉरिशसमध्ये तेव्हा वेधशाळा नव्हती असे नाही. चार्ल्स मेल्ड्रम यांनी १८५१ मध्ये तेथे हवामानशास्त्राची संस्था स्थापन केली होती. जहाजांच्या रोजनिशींतून वाऱ्याच्या नोंदी गोळा करून त्यांनी वादळांतील वाऱ्यांचा अभ्यास केला होता आणि त्यांच्या कार्याने हे बेट शास्त्रज्ञांत प्रसिद्ध झाले होते. परंतु शास्त्राचे ज्ञान काही थोड्यांजवळ असणे निराळे आणि प्रत्येक घरात ते पोहोचणे निराळे. १८९२ च्या वादळाने हे अंतर दाखवून दिले.

पुढे १९६० साली जानेवारीत ‘अ‍ॅलिक्स’ नावाच्या वादळाचा तडाखा बेटास बसला. त्यातून लोक सावरत असतानाच २७ व २८ फेब्रुवारीस ‘कॅरोल’ आले. त्याच्या झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत नोंदला गेला. या वादळाचा डोळा इतका विस्तीर्ण होता की जवळजवळ सारे बेट त्यात सामावले. ‘कॅरोल’मध्ये ४२ माणसे दगावली. गवताची व पत्र्याची घरे हजारोंच्या संख्येने कोसळली आणि त्या वर्षी साखरेचे उत्पादन निम्म्याहून अधिक घटले.

१८९२ आणि १९६० या दोन आकड्यांची तुलना मुलांकडून करवून घ्यावी. ‘कॅरोल’ दुबळे नव्हते, तरीही बळी बाराशेंऐवजी ४२ का? एकच कारण सांगून मोकळे होऊ नये. मधल्या सात दशकांत बिनतारी संदेश, नभोवाणी आणि सूचना देण्याची पद्धती आली होती. ‘कॅरोल’नंतर बेटाने दुसरा धडा घेतला. घरे काँक्रीटची बांधण्यास वेग आला आणि बेघरांसाठी सरकारने वसाहती उभारल्या. ६ फेब्रुवारी १९७५ रोजी ‘जर्व्हेझ’ या वादळाचे झोत ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेले, पण मृतांची संख्या दहाच्या आसपास राहिली. वाऱ्याचे बळ वाढले, मात्र माणसाची तयारी त्याहून अधिक वाढली होती.

धोक्याची सूचना : एक सामाजिक करार

मॉरिशसमध्ये वादळाच्या सूचनेच्या चार श्रेणी प्रचलित झाल्या. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी पहिली श्रेणी जाहीर होते. दुसरीत शक्यतो दिवसाउजेडाचे बारा तास व तिसरीत दिवसाउजेडाचे सहा तास लोकांच्या हाती राहावेत असा नियम आहे. असे झोत प्रत्यक्ष सुरू झाले की चौथी. ‘दिवसाउजेडाचे तास’ हे शब्द मुलांस दोनदा वाचून दाखवावेत. सूचना नुसती खरी असून भागत नाही. पत्रे बांधावयास, गुरे हलवावयास, म्हाताऱ्यांस आश्रयस्थानी न्यावयास उजेड लागतो, हे ज्याने जाणले त्याने हा नियम केला.

हा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ या वादळाच्या पावसाने पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले व मोटारी वाहून गेल्या. सूचना पुरेशी दिली गेली नाही अशी टीका झाली आणि हवामान खात्याच्या प्रमुखांनी पद सोडले. ज्या देशाने सूचनेची अशी उत्तम पद्धत बसवली, त्यासही जागरूकता सैल होऊ देता येत नाही, हा त्यातील बोध होय.

आपल्या शिवारात आलेले वादळ

येथवर आल्यावर एखादे चौकस मूल विचारील, ‘पण आपल्याकडे कोठे वादळ येते?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही तर शिक्षकाने विचारावा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. हे नाव बांगला देशाने सुचवलेले होते. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची व शाळांची छपरे उडाली. हे कोकणाचे झाले. मराठवाड्याचे उदाहरण याच्या पुढचे आहे.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ हे वादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ भूमीवर आले. समुद्राचे इंधन तुटताच त्याचा वारा मंदावला. पण त्याच्या पोटातील पाणी तेथेच संपले नव्हते. सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून, तेलंगण ओलांडून, त्या वादळाचा अवशेष २७ व २८ सप्टेंबरला विदर्भ-मराठवाड्यावर आला. सोयाबीन काढणीस आलेले असताना मुसळधार पाऊस झाला, नद्यांना पूर आले, उभ्या पिकांत पाणी साचले. तोच अवशेष पुढे अरबी समुद्रात उतरला, तेथे त्यास पुन्हा उबदार पाणी मिळाले आणि ‘शाहीन’ हे नवे नाव घेऊन त्याने ३ ऑक्टोबरला ओमानचा किनारा गाठला. बंगालच्या उपसागरापासून ओमानपर्यंतचा हा मार्ग मुलांनी नकाशावर रंगीत खडूने काढावा. त्या रेषेच्या वाटेवर मराठवाडा आहे, हे त्यांनी स्वतः शोधावे.

भारतीय हवामान विभागाच्या वादळसूचनेचे चार टप्पे आहेत. पहिले तीन मुख्यत्वे किनाऱ्यासाठी असतात. चौथा टप्पा म्हणजे वादळ भूमीवर आल्यानंतर कोणत्या दिशेने जाईल व आतील जिल्ह्यांत काय होईल याचा अंदाज. तो वादळ किनाऱ्यावर येण्याच्या निदान बारा तास आधी दिला जातो. समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांनी लक्ष द्यावयाचा टप्पा तो हाच.

शाळा सोडण्याचा निर्णय

आपल्याकडे येईपर्यंत वादळाला डोळा राहिलेला नसतो. तथापि डोळ्याने होणारी फसवणूक येथेही निराळ्या रूपाने होते. दिवसभर कोसळणारा पाऊस दुपारी थांबतो, ऊन पडते आणि मुलांस घरी सोडण्याचा मोह होतो. पण पाऊस थांबला म्हणजे पूर थांबला असे नव्हे. वरच्या अंगाला पडलेले पाणी ओढ्यांतून उतरावयास वेळ घेते. कयाधू किंवा पूर्णा नदीस मिळणारा एखादा लहान ओढा, सकाळी मुलांनी ज्यातून पाय भिजवीत येणे केले, तोच आकाश निरभ्र झाल्यावर छातीइतका चढलेला असू शकतो. अशा वेळी शाळेच्या ओसरीवर आणखी दोन तास थांबवलेली मुले कंटाळतील, भुकेजतील, पालकही रागावतील. शिक्षकाने तो राग सोसावा. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरील प्रत्येक मुलाचे नाव व त्याच्या वाटेत किती ओढे आहेत, याची यादी पावसाळ्याच्या आरंभीच हजेरीपटाजवळ ठेवावी. ही यादी मुलांकडूनच करवून घेतली तर भूगोलाचा तो उत्तम पाठ होईल.

इतर विषयांशी समवाय

गणित : वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ६० किलोमीटरवरून १२० झाला तर दाब चौपट होतो आणि २४० झाला तर सोळापट. पत्र्याचे छप्पर साध्या वाऱ्यात टिकते आणि वादळात का उडते, हे या हिशेबावरून कळेल.

भाषा : मॉरिशसमधील मराठी शिकणाऱ्या मित्रास पत्र लिहावे. त्यात वावटळ, वळीव व ओढ्याचा पूर यांचे वर्णन करावे आणि त्याच्या बेटावरील वादळाविषयी तीन प्रश्न विचारावेत.

कार्यानुभव : शाळेच्या छपराची, खिडक्यांच्या कड्यांची व आवारातील वठलेल्या झाडांची पाहणी करून यादी मुख्याध्यापकांस द्यावी.

उजळणीचे प्रश्न

१. वावटळ व चक्रीवादळ यांतील तीन भेद सांगा.
२. जवळा बाजार व मॉरिशस येथील वादळांच्या फिरण्याच्या दिशा वेगळ्या का?
३. एका वादळाचा डोळा ४० किलोमीटर रुंद आहे आणि वादळ ताशी २० किलोमीटर वेगाने पुढे सरकत आहे. डोळ्याचा मध्य गावावरून गेला तर गावात शांतता किती वेळ राहील? त्या वेळात लोकांनी काय करावे व काय करू नये?
४. ‘गुलाब’ वादळाचा वारा मंदावल्यावरही मराठवाड्यात हानी का झाली?
५. पाऊस थांबल्यावर ओढा लगेच का ओलांडू नये?

समारोप

तिसऱ्या प्रश्नाचे पहिल्या भागाचे उत्तर ‘दोन तास’ असे वर्गातील बहुतेक मुले देतील. गुण देताना शिक्षकाने दुसऱ्या भागाकडे अधिक लक्ष द्यावे. त्या दोन तासांत बाहेर न पडणे, आसऱ्याची जागा न सोडणे आणि आता वारा उलट बाजूने येणार हे जाणून त्या बाजूची दारे-खिडक्या पक्की करणे, असे ज्या मुलाने लिहिले, त्यास चक्रीवादळ समजले. त्याने समुद्र पाहिलेला नसला तरी चालेल.